कोकणात हॉप्सचा वेल लावून घरची पेल एल जमेल का?

खाडीकाठ (गुहागर):
मंडळी, प्रश्न जरा आगाऊ वाटेल पण विचारतोच. गुहागरपासून थोडं आत आमची वाडी आहे, नारळ-पोफळी, पोफळींवर मिरवेल चढवलेली, पाण्याची सोय बरी आहे आणि कडेला दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्यात. माझा मावसभाऊ इंग्लंडात केंटला असतो. त्याने घरामागे हॉप्सचे वेल लावलेत आणि त्याचीच फुलं घालून तो घरच्या घरी पेल एल करतो, ती कडू आणि मोसंब्याच्या सालीसारखा वास येणारी बिअर असते ना, ती. तिकडे गेलो होतो तेव्हा प्यायलो आणि अजून डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे दुकानात मिळते ती गोडसर स्ट्राँग त्यापुढे म्हणजे... असो.

आता तो म्हणतोय की गणपतीला येताना बॅगेत चार कंद टाकून आणतो, तू मिरवेलीशेजारी लावून टाक. घरच्या हॉप्सची घरी केलेली बिअर पाहुण्यांना तळलेल्या बोंबलांबरोबर द्यायची इथपर्यंत आमचं फोनवर ठरूनही झालंय. बायको म्हणते आधी कलमांची फवारणी वेळेवर कर, मग बिअर.

तर जांभ्याच्या मातीत आणि आमच्या पावसात हा वेल तगेल का, फुलं येतील का, आणि वीस लिटरला किती फुलं लागतात म्हणजे वेल किती लावायचे? कुणी कोकणात लावून बघितलंय का? जाणकारांनी सांगा.

कलमवाला (दापोली):
वेल तगेल. फुलांचं बोल. बिअरला लागतात ती मादी वेलाची बोंडं, पान कितीही माजलं तरी उपयोग शून्य.

बहुतेकांना वाटतं की थंडी नाही म्हणून हॉप्स कोकणात येत नाहीत. पण २०१९ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतून एक काम प्रसिद्ध झालं, त्यात हिवाळ्याची थंडी न देताही हॉप्सला व्यवस्थित फुलं आली. खरी मेख आहे दिवसाच्या लांबीत. हा वेल साधारण ३५ ते ५५ अक्षांशांतला. उन्हाळ्यात तिकडे पंधरा-सोळा तास उजेड, त्या काळात तो सुसाट वाढतो, वीस फूट चढतो आणि पुढे दिवस आखडायला लागले की फुलावर येतो. तुझ्या मावसभावाकडे जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा. गुहागरला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरासा वर आणि डिसेंबरात जेमतेम अकरा. म्हणजे वेलाच्या हिशेबाने आपल्याकडे बारा महिने हंगाम संपतच आलेला असतो. मग तो अंगात जोर यायच्या आत, कमरेएवढा असतानाच चार बोंडं काढतो आणि बसतो.

भारतात हॉप्स होतात ते हिमाचलात लाहौलला, दहा हजार फुटांवर आणि ३२ अक्षांशाच्या वर, तिथेसुद्धा जूनचा दिवस चौदा तासांच्या पुढे जातो. कोकणात करायचं तर उपाय एकच, दिवे. शेवंतीवाले फूल लांबवायला रात्री दिवे लावतात तोच प्रकार. फ्लोरिडात तिथल्या विद्यापीठाने अंधार पडल्यावर एलईडी लावून वेलाला दिवस मोठा भासवला आणि वर्षात दोन पिकं घेतली, आणि फ्लोरिडाची हवा आपल्यापेक्षा काही फार वेगळी नाही, तशीच दमट. दिवा पान वाढवण्यापुरता प्रखर नको, अजून दिवस आहे एवढं वेलाला वाटलं की पुरे.

पावसाचं म्हणशील तर तीन हजार मिलिमीटरमध्ये याच्यावर केवडा रोग पडणार म्हणजे पडणारच, काकडी-पडवळावर येतो त्याच्याच घराण्यातला. पाणी तुंबलं तर मूळ कुजेल. म्हणून पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात उंच वाफ्यावर लाव. जांभ्याची माती आंबट असते, याला पीएच सहाच्या वर लागतो, तेव्हा माती तपासून चुना किती टाकायचा ते इथल्या कृषी विद्यापीठात विचार. आणि मिरवेलीशेजारी अजिबात नको. मिरवेल सावलीत सुखी असते आणि मुळांनी खोडाला चिकटते. हॉप्सला लख्ख ऊन हवं आणि तो वेढे घेत चढतो, त्याला दोरी सोडावी लागते.

तिरफळ (मूळ वेंगुर्ला, सध्या ओरेगन):
तू येवजलंस ता बरा, पण आधी कलमवाले काय सांगतत ता आयक.

मी राहतो त्या विलामेट खोऱ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉप्सचेच मळे आहेत. अठरा फुटी खांब, वर तारा आणि तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या. दोरी कसली तर काथ्याची! बरीचशी श्रीलंकेहून येते. नायलॉनवरून वेल घसरतो आणि काथ्या केसाळ असल्यामुळे त्याला धरायला मिळतं, शिवाय काढणीनंतर वेलाबरोबर कुजून जातो. वेल नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच वेढे घेतो, उलटा गुंडाळलास तर दोन दिवसांत स्वतःला सोडवून घेतो. लांब बाह्यांचा शर्ट घाल, देठावर बारीक आकडे असतात आणि हातावर ओरखडे उठून नंतर जे चुरचुरतं ना, विचारू नकोस.

बोंड कधी तोडायचं ते बोटांना कळतं. कोवळं असताना दाबलं तर ओलसर लागतं आणि दबलेलंच राहतं. तयार झालं की कागदासारखं कुरकुरतं आणि सोडलं की परत फुगतं. मधून उभं फाडून बघ, पाकळ्यांच्या मुळाशी पिवळीधमक चिकट पूड दिसली पाहिजे, तिला लुप्युलिन म्हणतात. कडूपणा, वास, टिकाऊपणा सगळं त्या पुडीत, बाकी नुसता पाला. पूड केशरी पडून वास लसणीसारखा यायला लागला तर उशीर झाला.

आता हिशेब. पुऱ्या वाढलेल्या वेलाला, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, वाळवून साधारण अर्धा किलो बोंडं मिळतात. वीस लिटर पेल एलला वाळलेली शंभर ते दीडशे ग्रॅम पुरतात. म्हणजे चार वेल लावायची गरजच नाही, एक नीट आला तरी खूप. ताजी ओली फुलं टाकणार असशील तर वजनाने पाच-सहा पट लागतात कारण त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि ती तोडल्यापासून चोवीस तासांत पातेल्यात गेली पाहिजेत. वाळवायची तर साठ अंशांच्या आत, उन्हात कधीच नाही, आणि वाळली की हवा काढून थेट फ्रीझरमध्ये. तिकडच्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली तर काही दिवसांत चीजसारखा कुबट वास येतो.

मी करतो ती अगदी साधी असते. साडेचार किलो पेल माल्ट आणि ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, क्रिस्टल जरा भाजलेली), ६६ अंशांच्या पाण्यात तासभर, मग गाळून तो गोड रस तासभर उकळायचा. उकळी फुटली की कडूपणापुरते विकतचे पेलेट (हॉप्स दळून दाबून केलेल्या गोळ्या) टाकतो, घरचे नाही. कारण घरच्या फुलात कडूपणा देणारं अल्फा अॅसिड किती ते प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. कॅस्केड ही नुसती एक जात घेतलीस तरी साडेचारपासून सात टक्क्यांपर्यंत फरक असतो, म्हणजे त्याच वजनात एकदा फिकी आणि एकदा कडूजहर. अल्फा अॅसिड उकळताना बदलतं आणि मगच ते पाण्यात उतरून कडू लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून ती पहिली टाकणी मोजूनमापून असावी. घरची फुलं शेवटच्या दहा मिनिटांत आणि गॅस बंद केल्यावर, तिथे वासाचा मामला आहे आणि उकळत ठेवलं तर वास वाफेबरोबर उडून शेजाऱ्याला जातो. उरलेली थोडी फर्मेंटरमध्ये, म्हणजे रस गार करून यीस्टने आंबवायच्या भांड्यात, शेवटचे तीन-चार दिवस. जास्त ठेवलीस तर गवत चघळल्यासारखी चव येते. नंतर बाटलीला हवा आणि ऊन लागू द्यायचं नाही, ऊन लागलं की हॉप्समधलीच द्रव्यं कुजकट वास सोडतात. बाटल्या तपकिरी असतात त्या त्यासाठीच.

तापमानाचं मात्र तिकडे अवघड आहे. नेहमीचं एल यीस्ट १८ ते २० अंशांत खूश. तिशीच्या पुढे गेलं की नेलपॉलिशसारखा वास. मग एक तर जुना फ्रीज आणि तापमान धरणारा कंट्रोलर, नाहीतर नॉर्वेतल्या शेतकऱ्यांकडचं क्वाइक नावाचं यीस्ट येतं, ते ३५ अंशांतही मजेत काम करतं. कोकणाला तेच बरं.

कागदपत्र (रत्नागिरी):
रंगाचा बेरंग करतो, पण कुणीतरी सांगायलाच हवं.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा, आणि त्यात बिअर आली. घरी पिण्यापुरती, नातेवाइकांपुरती, वीस लिटर की दोन लिटर असली काही सूट नाही. कैद आणि दंड दोन्ही आहे. आणि तुम्ही तर होमस्टेच्या पाहुण्यांना द्यायची म्हणताय! गोव्यात जाऊन करतो म्हणाल तर तिथेही बनवायला परवाना लागतोच, काजूची भट्टी लावणारेसुद्धा परवाना घेऊनच लावतात.

दुसरं, बॅगेतून कंद आणणं. झाडाचा जिवंत भाग परदेशातून आणायचा तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या खात्याचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. विमानतळावर सापडले तर कंद जातील, ते एक वेळ चाललं. नाही सापडले तर त्यातून काय रोग वाडीत येईल ते जास्त महाग पडेल.

कलमवाला (दापोली):
कागदपत्र +१. हॉप्सवर व्हायरॉइड असतात, विषाणूपेक्षाही बारीक रोगकारक, वेल वरून ठणठणीत दिसतो आणि कंदातून रोग पुढे जातो. बेणं आपल्याच देशातलं, हिमाचलाकडचं शोधा. विचारताना मादी रोप आहे का ते आधी विचारा, नराला बोंडं येत नाहीत आणि नर जवळ असला तर मादीच्या बोंडांत बिया भरतात.

तिरफळ (मूळ वेंगुर्ला, सध्या ओरेगन):
कायद्याचं बरोबर आहे. मी लिहिलं ते इथलं, तिकडे जाऊन कुणी चूल पेटवू नये. इथे अमेरिकेतही हे पहिल्यापासून मोकळं नव्हतं बरं का. १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टरने सही केली तेव्हा देशपातळीवर घरच्या बिअरला मोकळीक मिळाली, माणशी वर्षाला शंभर गॅलन आणि घरात दोन मोठी माणसं असतील तर दोनशे. तरी अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ पर्यंत अडून होते. आणि विकायला अजूनही बंदीच, तेव्हा खोलीच्या भाड्यात बिअर धरायची आयडिया इथेही चालली नसती. ब्रिटनमध्ये मात्र १९६३ पासून घरच्यापुरतीला परवाना लागत नाही, म्हणून मावसभाऊ निवांत आहे.

बिनकामाचा (चिपळूण):
गंमत बघा. लंडनजवळच्या बो गावच्या हॉजसनची पेल एल बोटीत भरून मुंबई-कलकत्त्याला यायची, पुढे १८२० नंतर इंग्लंडातल्याच बर्टन गावचे बिअरवाले त्यात उतरले, आणि त्यातूनच इंडिया पेल एल हे नाव पडलं. हॉप्स जास्त घातले की बिअर प्रवासात नासत नाही हे खरं, पण ती खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली ही मात्र थाप, तशी बिअर तिकडे आधीपासून होती आणि गोऱ्या शिपायांची पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच बोटींतून भरभरून यायची. म्हणजे नाव आपलं, समुद्र आपला, नि वेल लावायचा तर बल्ब लावा. वा.

अवांतर: बोंबील तळणार असाल तर बिअर नसली तरी मी येतो.

खाडीकाठ (गुहागर):
सगळ्यांचे आभार आणि थोडा निषेधही. कायद्याचं मला अंदाजाने माहीत होतं पण घरच्यापुरतं चालत असेल असं वाटत होतं, ते नाही म्हणजे विषय संपला, पाहुण्यांसमोर नसती भानगड नको. मावसभावाला कंदांचंही नको म्हणून कळवलं. तो म्हणतो मग तुझ्यासाठी बिअरच आणतो, ते नियमात बसतं.

पण वेलाचा किडा काही जात नाहीये. बिअर न करता हॉप्सचं दुसरं काही करता येतं का? की नुसता मांडवावर शोभेला?

सोलकढी (मालवण):
येतं की! हॉप्सचा सोडा कर. दारूचा थेंब नाही, यीस्ट नाही, म्हणजे आंबायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना कोकम सरबताचा कंटाळा आला की मी हाच देते.

लिटरभर पाण्यात आधी चमचाभर लिंबाचा रस किंवा तीन-चार आमसुलं टाक. हे आधीच करायचं, कारण पाणी आंबट नसेल तर हॉप्समधून तुरट-कडवट काहीतरी उतरतं आणि जिभेवर बसून राहतं. शिवाय न आंबवलेलं पाणी आहे, आंबटपणा असला की त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. मग पाणी गरम कर पण उकळू नको, पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले की बंद. माझ्याकडे थर्मामीटर आहे, सत्तर-पंच्याहत्तर अंश. त्यात तीन ग्रॅम पेलेट, झाकण, पंधरा-वीस मिनिटं. तिरफळ यांनी वर सांगितलंय तेच इथे उलटं वापरायचं, उकळी नाही म्हणून कडूपणा फारसा येत नाही आणि वास तेवढा राहतो. झाकण काढल्यावर स्वयंपाकघरात मोसंबं सोलल्यासारखा वास पसरतो आणि पाण्याला फिकट हिरवट झाक येते. दुहेरी फडक्यातून गाळ, फ्रीजमध्ये एकदम गार कर, मग सोडा मशीनमध्ये गॅस भर. गार न करता गॅस भरलास तर अर्धं पाणी ओट्यावर. तीन-चार दिवसांत संपव. आणि बाटलीत साखर नि यीस्ट घालून फेस आणायचा शहाणपणा करू नको, त्यात थोडी का होईना दारू तयार होते आणि कागदपत्र परत येतील.

पेलेट ऑनलाइन मिळतात, कॅस्केड माग. वेलाला फुलं येईपर्यंत त्यावर भागेल. मी त्यात दोन तिरफळं पण टाकते, आतली काळी बी काढून नुसती साल, जरा चेचून. जिभेला मस्त झिणझिण्या येतात आणि हॉप्सच्या वासाशी चांगलं जमतं.

खाडीकाठ (गुहागर):
तिरफळं? ताई, मला डोळ्यासमोर बांगड्याची आमटी येते हो. सोड्यात बांगडा!

सोलकढी (मालवण):
वास बांगड्याचा, तिरफळाचा नाही. पुणे-मुंबईच्या पाहुण्यांना ते माहीत नसतं, ते विचारतात यात लिंबाची पानं आहेत का. गावातल्यांना देताना मी पण टाकत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. गाळून उरलेला चोथा वाडीत उघड्यावर टाकू नको. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, खाल्ले तर अंगात ताप चढत जातो आणि जीवही जाऊ शकतो. खोल पुरून टाक.

बिनकामाचा (चिपळूण):
सोडा ठीक आहे पण त्याला बोंबील नको, शेंगदाणे चालतील.

खाडीकाठ (गुहागर):
चोथ्याचं बरं सांगितलंत, आमच्याकडे दोन कुत्रे आहेत आणि जे दिसेल ते खातात. आधी पेलेट मागवून सोडा करून बघतो. आणि ऑक्टोबरात एक वेल विहिरीकडच्या उघड्या जागेवर लावणारच, पंप तिथेच असल्याने वीज आहे. कलमवाले, दिवे कधी लावायचे, कधी बंद करायचे? आणि लाइट रोज जाते त्याचं काय?

कलमवाला (दापोली):
कोंब हातभर झाला की सुरू कर, मावळतीपासून रात्री अकरापर्यंत. म्हणजे उजेड सोळा-सतरा तासांवर जातो. वेल दोरीच्या टोकाला पोचून बाजूच्या फांद्या फुटायला लागल्या की बंद, मग तो फुलावर येईल. माझ्या हिशेबाने ते जानेवारीच्या मध्यावर पडेल आणि बोंडं मार्चमध्ये, तेव्हा पाऊस नाही, केवड्याची भीती कमी. पहिल्या वर्षी मूठभर मिळाली तरी खूप समज. दिवा वेलाच्या शेंड्यापर्यंत पोचला पाहिजे, वेल चढेल तसा वर सरकव.

एखाद्या रात्री तासभर लाइट गेली तर काही बिघडत नाही, पण सलग काही रात्री अंधार पडला तर तो मध्येच बोंडं काढून मोकळा होईल. आणि टायमर घेशील तो काटेवाला घेऊ नकोस, वीज गेली की तोही थांबतो आणि आठवड्याभरात दिवे पहाटे लागायला लागतात. आत बॅटरी असलेला डिजिटल घे, इलेक्ट्रिकच्या दुकानात बोर्डाच्या दिव्यांसाठी ठेवतात तो.